सिंधुदुर्गात विमानानं जायचंय : चिपी की मोपा?

आईला रात्रभराचा रेल्वेप्रवास झेपेनासा झाल्यापासून गावाला जायचं ठरलं की आमच्या घरी हा प्रश्न निघतोच. चिपीचा विमानतळ वेंगुर्ले तालुक्यात, परुळ्याच्या शेजारी. मोपा गोव्याच्या पेडणे तालुक्यात, पण आपल्या हद्दीला जवळजवळ लागूनच.

मुंबईहून सरळ रेषेत चिपी साधारण ३५० किलोमीटर, मोपा ३८५. पुण्याहून अंदाजे २९० आणि ३१५. एवढा फरक विमान पाच मिनिटांच्या आत कापतं. चिपीला येतात ती पंख्याची एटीआर विमानं, ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जाणारी. मोपाला बहुतेक जेट. पण इतक्या जवळच्या पल्ल्यात जेटला वेग घ्यायला वावच मिळत नाही, वर चढून स्थिरावतं तोवर उतरायची वेळ होते. मुंबई-चिपी सेवा ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाली तेव्हा वेळापत्रकात १ तास २५ मिनिटं होती. मोपालाही सव्वा ते दीड तासच धरतात. तेव्हा हवेतल्या वेळेवरून काही ठरवू नका.

ठरवायचं ते उतरल्यावरच्या रस्त्यावरून. घर मालवण, तारकर्ली, परुळे, म्हापण या पट्ट्यात असेल तर चिपीला तोड नाही. सामान गाडीत टाकल्यावर मालवणचा माणूस तासाभराच्या आत घरी पोचतो. मोपाहून त्यालाच सत्तरेक किलोमीटर यावं लागतं. कुडाळही चिपीपासून पंचवीसेक किलोमीटरवर. सावंतवाडीपाशी मात्र पारडं फिरतं. बांदा, दोडामार्ग, आरोंदा, शिरोडा इथल्यांनी चिपीचा विचारच करू नये. बांद्याला तर मोपा अगदी उशाशी आहे, आणि सावंतवाडीलाही चौपदरी महामार्गानं लवकर पोचता येतं. वेंगुर्ले शहराला मी चिपीच सांगेन.

आता अडचणीची बाजू. चिपीची उड्डाणं मोजकी. उडान या केंद्राच्या योजनेतली (लहान शहरांना विमानानं जोडणारी) मुंबईची सेवा तीन वर्षांची मुदत संपल्यावर थांबली होती, आणि त्याचं आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटलं. पुण्याहून सेवा २०२४ मध्ये सुरू झाली. पण दिवसाला एकच विमान असलं आणि पावसानं तेच रद्द झालं, तर त्या दिवशी दुसरं नसतं. मोपाला ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरताहेत. एक चुकलं तरी संध्याकाळचं मिळतं. म्हणून गणपतीला, लग्नाला किंवा दवाखान्याच्या कामाला, जिथे तारीख हलवता येत नाही तिथे, घर मालवणात असलं तरी मी मोपाचंच तिकीट काढतो. फक्त टॅक्सीचं भाडं आधी विचारून घ्या. राज्याची हद्द ओलांडायची म्हणून ते वाढतं. गावातली ओळखीची गाडी न्यायला बोलावली तर पुष्कळ स्वस्त पडतं, आणि म्हाताऱ्या माणसाला दारातून दारात नेता येतं.

कणकवली, देवगड, वैभववाडीवाल्यांना दोन्ही विमानतळ आडवाटेचे. ठाण्यात राहत असाल तर सकाळची वंदे भारत साधारण साडेपाच तासांत कणकवलीला सोडते. घरून विमानतळ गाठणं, तिथली तपासणी आणि उतरल्यावरचा रस्ता धरला, तर विमानानं फार तर तासभर वाचतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या हळू धावतात. जून ते ऑक्टोबरमधलं तिकीट काढताना तेवढं बघून घ्या.