निळी चमक की लाल कडं?

आमच्याकडं शिकून गेलेली एक मुलगी शिरोलीत पाणी तपासायची छोटी लॅब टाकतेय. परवा तिचा फोन आला, "सर, ई. कोलायसाठी एमयूजी घेऊ, का आपला जुना इंडोलच बरा?" ई. कोलाय म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू, आणि एमयूजी नि इंडोल या तो ओळखायच्या दोन वाटा. फोनवर तुटक बोलणं झालं, म्हणून इथं नीट लिहितो. आणखी कुणी याच पेचात असेल तर त्यालाही उपयोगी पडेल.

जुनी वाट सगळ्यांना पाठ आहे. मॅकॉन्की ब्रॉथच्या (जंतू वाढवायच्या द्रवाच्या) ट्यूबा, आत गॅस धरणारी उलटी छोटी डरहॅम नळी, ३७ अंशांवर ४८ तास. रंग बदलून गॅस धरला तरी ती नुसती कोलिफॉर्मची, म्हणजे ई. कोलाय ज्यात येतो त्या गटाची, शंका. तिथून लूपनं पेप्टोन वॉटरमध्ये, ४४ अंशांवर आणखी एक दिवस, मग जंतूनं इंडोल केलंय का ते बघायला कोव्हॅकचे थेंब. वर लाल कडं धरलं की ई. कोलाय. सोमवारी आलेल्या नमुन्याचा निकाल गुरुवारच्या आत देता येत नाही. माल स्वस्त आणि सहज मिळणारा, पण ट्यूबा धुण्यात माणसाचा जीव जातो.

एमयूजीचं काम वेगळं. ई. कोलायच्या बहुतेक जातींकडं, म्हणजे साधारण ९५ टक्क्यांकडं, ग्लुकुरोनिडेज नावाचं एन्झाइम असतं. ते एमयूजी हे रसायन तोडतं आणि सुटलेला भाग ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली निळा चमकतो. फेंग आणि हार्टमन यांनी १९८२ मध्ये हे लॉरिल ट्रिप्टोज ब्रॉथमध्ये घालून दाखवलं. गंमत अशी की गॅसही त्याच ट्यूबमध्ये दिसतो आणि चमकही, बहुधा २४ तासांत. काही ई. कोलाय गॅस करतच नाहीत. डरहॅमच्या भरवशावर बसलं की ते निसटतात, इथं सापडतात.

आता खड्डे कुठं आहेत ते सांगतो, कारण आम्ही त्यात पडलोय. पहिल्याच आठवड्यात आमच्या रॅकमधल्या सगळ्या ट्यूबा चमकल्या. अगदी नुसता ब्रॉथ भरलेलीसुद्धा! तासभर डोकं खाजवलं. शेवटी रिकामी धुतलेली ट्यूब दिव्याखाली धरली, तर तीही फिकट निळी. चमक काचेचीच होती. काही काचांत सिरियम असतं, त्यानं असं होतं. तेव्हापासून नवीन खोका आला की आधी रिकाम्या ट्यूबा अंधारात बघायच्या. आणि प्रत्येक रॅकला तुलनेसाठी तीन साथीदार हवेतच: ओळखीचा ई. कोलाय, गॅस करणारा पण न चमकणारा क्लेबसिएला जंतू, आणि काहीच न टाकलेला ब्रॉथ.

दुसरं, आम्लात ही चमक मंदावते. शंका आली तर त्या ट्यूबमधलं थोडं द्रव बाजूला काढून त्यात कॉस्टिक सोड्याचा थेंब टाका, उजळेल. अख्ख्या ट्यूबमध्ये टाकू नका, पुढं तिथूनच जंतू घेऊन प्लेटवर रेघा ओढायच्या असतात.

तिसरा खड्डा मोठा. जुलाबातून रक्त पाडणारा ई. कोलायचा प्रकार, ओ१५७:एच७, सहसा चमकत नाही. म्हणजे "चमक नाही" याचा अर्थ "धोका नाही" असा काढायचा नाही. तो शोधायचाच असेल तर सॉर्बिटॉल मॅकॉन्कीच्या प्लेटकडं जावं लागतं. उलट बाजूनं, शिगेला आणि साल्मोनेला या दुसऱ्या जंतूंच्या काही जातींकडंही हे एन्झाइम असतं. चमक आहे पण गॅस नाही, अशी ट्यूब दिसली की रिपोर्ट थांबवून ईएमबीच्या प्लेटवर रेघा ओढायच्या आणि मग इंडोल. कोव्हॅकची जुनी बाटली तिथं पुन्हा हाताशी लागते.

दिव्याबद्दल एकच. लॅमिनारमधला (स्वच्छ हवेच्या कपाटातला) जंतुनाशक दिवा २५४ नॅनोमीटरचा, तो इथं चालत नाही आणि डोळे भाजून काढतो. बाजारातल्या जांभळ्या एलईडी टॉर्चनं सगळंच जांभळं दिसतं. काळ्या काचेचा ३६५चा दिवा घ्या.

दूध-ताकाचे नमुने येणार असतील तर मी एमयूजीची शिफारस करणार नाही. ताकाच्या निवळीला दिव्याखाली स्वतःचीच हिरवट-पिवळी झाक असते, जीवनसत्त्व बी-२ मुळं. निळं कुठलं नि हिरवं कुठलं, यावर वाद घालत बसाल. तिथं टीबीएक्स अगार (प्लेटमधलं घट्ट माध्यम) बरा: एन्झाइम तेच, पण वसाहतच निळी-हिरवी होते आणि रंग पसरत नाही. दिवाही नको, उघड्या डोळ्यांनी मोजता येतात. ४४ अंशांवर एक दिवस पुरतो. महाग आहे, मान्य.

पाण्याला मात्र चमकच. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिली पाण्यात ई. कोलाय सापडता कामा नये, म्हणजे प्रश्न "आहे का नाही" एवढाच. २०१९ आणि २०२१ सारखा पंचगंगेचा पूर ओसरला की विहिरी-बोअरच्या बाटल्यांची रांग लागते. तेव्हा चार दिवस थांबा म्हणणं लोकांच्या पोटाशी खेळणं आहे. फक्त एनएबीएलची (लॅबची) मान्यता घ्यायची असेल तर अर्जात जी पद्धत लिहाल तीच रिपोर्टवर टाकावी लागते, हे ब्रॉथ मागवण्याआधी ठरवा.

तिला मी पहिली ऑर्डर सांगितली ती अशी: एमयूजी घातलेला लॉरिल ट्रिप्टोज ब्रॉथ, ३६५चा दिवा, कोव्हॅकची एक लहान बाटली, आणि खिडकीला जाड काळा पडदा. पडदा कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतून घे म्हटलं, लॅबवाल्याकडून नको, दुप्पट लावेल.