हळद आणि बेदाण्याच्या पाऊचला आतून काय, एलएलडी की ईव्हीए?

सांगलीत हळद पावडर किंवा बेदाणा पॅक करणारे पाऊचच्या फिल्मच्या रोलची ऑर्डर देताना मायक्रॉन आणि किलोचा भाव विचारतात. त्याआधी आतला थर कशाचा आहे ते विचारा. बाहेरचं पॉलिएस्टर २५० अंशांपर्यंत वितळत नाही. मशीनच्या जॉची, म्हणजे फिल्म दाबणाऱ्या गरम पट्ट्यांची, उष्णता त्यातून आत जाते आणि सील बसतं ते आतला थर वितळूनच.

एलएलडी (लिनियर लो डेन्सिटी पॉलिइथिलीन) आणि ईव्हीए (इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट), दोन्ही इथिलीनचेच कोपॉलिमर, म्हणजे इथिलीनच्या साखळीत दुसरा घटक गुंफलेली प्लास्टिकं. नुसत्या इथिलीनच्या सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगतात, म्हणून एचडी (हाय डेन्सिटी पॉलिइथिलीन) १३० अंशांच्या आसपास वितळतं. मध्ये दुसरा घटक आला की साखळ्या नीट रचल्या जात नाहीत आणि वितळबिंदू उतरतो. एलएलडीत ब्यूटीन, हेक्झीन किंवा ऑक्टीनमुळे आखूड फांद्या येतात. ते १२० च्या आसपास वितळतं. ईव्हीएत व्हिनाइल ॲसिटेट असतं. ते ९ टक्के असेल तर ९५ च्या जवळ, १८ टक्के असेल तर ८५ लाच थर वितळतो.

हाताने दाबायच्या मशीनवर पाव-पाव किलो बेदाणा भरत असाल, तर ईव्हीए खरंच सोयीचं. कमी तापमानात पटकन सील होतं आणि कोल्ड स्टोरेजमध्येही लवचिक राहतं.

हळदीचं गणित वेगळं. उभ्या ऑटोमॅटिक मशीनवर खालचं सील बसतं न बसतं तोच अर्धा किलो पावडर धपकन त्यावर पडते. सील अजून गरम, मऊ असतं. त्या क्षणी ते तग धरतं का, यालाच हॉट टॅक म्हणतात, आणि इथे मेटॅलोसीन एलएलडी, म्हणजे मेटॅलोसीन नावाचा उत्प्रेरक वापरून बनवलेलं एलएलडी, सरस ठरतं. मात्र सील उकलून पाहिल्यावर आत अडकलेल्या पावडरची पिवळी रेघ दिसली, तर थर बदलून भागणार नाही. पावडर उडते कुठून ते आधी शोधा.

ईव्हीए घेणारच असाल तर टक्केवारी लिहून घ्या. १८ टक्क्यांचा थर साठ अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतो, म्हणून मे महिन्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये रोल ठेवू नका, पदर एकमेकांना चिकटतात. नवा रोल उघडला की नाकाशी धरा. फिल्म काढताना ईव्हीए फार तापलं असेल तर ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तसा वास आला तर रोल परत पाठवा, हळदीचा सुगंध वाया घालवू नका.

दोन्ही मालांना एकच रोल हवा असेल तर मी मेटॅलोसीन एलएलडीच घेईन. मोठी ऑर्डर देण्याआधी नमुन्याच्या रोलवर वीस पाऊच भरा, बादलीतल्या पाण्यात दाबून धरा आणि बुडबुडे कुठून येतात ते बघा.