लातूरच्या लॅबला चार स्टार, पाचवा पार्किंगपायी कापला

आमचे मामा परळीचे, वय ६१, बिडी चाळीस वर्षं. दीड महिना खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरायलं. रक्तात पांढऱ्या पेशी ५२ हजार निघाल्या, नॉर्मलला ४ ते ११ हजार असतात. दोन ठिकाणी इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक दिलं, मग बदलून दुसरं दिलं, काउंट काय हलंना. तिसरीकडं ब्लड कॅन्सर असंल म्हणले, मामी तिथंच रडायला लागली.

मग लातूरला ह्या लॅबमधे आलो. इथं मशीनचा आकडा छापून हातात टेकवत नाहीत, लॅबच्या मॅडम स्वतः रक्ताची स्लाइड बघतात. मलाबी मायक्रोस्कोपमधनं दाखवलं, नुसते जांभळे ठिपके दाटलेले, एकेकात तीन-चार फुगे जोडल्यासारखे. म्हणाल्या ह्या पिकलेल्या पेशी आहेत, ब्लड कॅन्सरमधल्या कच्च्या पेशी कुठंच नाहीत, बीसीआर-एबीएल (एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरची जनुकाची) टेस्टपण निगेटिव्ह, आता छातीचा सीटी करा. उजव्या फुप्फुसात ७ सेंटीमीटरची गाठ!

बायोप्सीत कॅन्सर निघाल्यावर मॅडमनी बसवून सांगितलं. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायला फिलग्रास्टिमचं इंजेक्शन देतात ना, ते म्हणजे जी-सीएसएफ, अन् काही गाठी ते स्वतःच बनवून रक्तात सोडतात, मग बोन मॅरो (हाडातला मगज, जिथं रक्ताच्या पेशी बनतात) पेशी काढतच राहतो, अन् कधीकधी त्याच जी-सीएसएफचा गाठीलाबी खुराक होतो. १९७७ ला जपानी डॉक्टरांनी असल्या पेशंटची गाठ बिनकेसांच्या उंदरांत लावली तर उंदरांच्याबी पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणे. असला प्रकार कमी दिसतो पण गाठ लई जोरात वाढती, हेबी त्यांनी लपवलं नाही.

संभाजीनगरला पेट स्कॅन (अंगभर कॅन्सर कुठं पसरला ते बघायचा स्कॅन) केला तर सगळी हाडं चमकायली, आम्हाला वाटलं पसरलं, संपलं. मॅडमना फोन लावला, म्हणाल्या मॅरो जादा कामाला लागला तरी असं दिसतं, तपासल्याशिवाय पसरलं म्हणू नका. मॅरो तपासला, साफ निघाला. ऑपरेशन झालं अन् आठव्या दिवशी काउंट ९ हजार ४००! आता दर महिन्याला काउंट बघायला इथंच येतो, कारण परत चढला तर पहिली शंका गाठीचीच.

खोट काढायची तर पार्किंग नाहीच, खुर्च्या सहा, रिपोर्ट संध्याकाळी म्हणतात अन् व्हॉट्सॲपवर रात्री १० ला पडतो. जी-सीएसएफची लेव्हल इथं होत नाही, सॅम्पल बाहेर जातं, लई दिवस लागले. सीबीसीला (रक्तातल्या पेशी मोजायच्या टेस्टला) उपाशी यायची गरज नाही, चहा पिऊन या. अन् काउंटरवरच्या पोराला स्लाइड मॅडमनीच बघायची म्हणून आधीच सांगून ठेवा, सोमवारच्या गर्दीत राहून जातं.