पाहुण्यांच्या बाथरूमला नक्षीची सिमेंट टाइल: जमिनीवर जरूर, भिंतीवर नको

चार बाय सहा फुटांची पाहुण्यांची बाथरूम ही ठळक नक्षीसाठी घरातली सगळ्यात चांगली जागा. हॉलमध्ये रोज डोळ्यांवर येईल असा लाल-काळा चौकडा इथे खुलून दिसतो. त्यासाठी साच्यात हाताने रंग भरून प्रेसखाली दाबलेली सिमेंट टाइलच घ्यावी. पुण्याच्या पेठांतल्या जुन्या घरांत याच जातीच्या फरशा वापरून वापरून तुळतुळीत झालेल्या दिसतात, आणि मुंबईची १९२२ साली सुरू झालेली भारत फ्लोअरिंग्ज आजही त्या बनवते.

गुजरातेतल्या मोरबीची छापील पोर्सलिन टाइल लांबून अगदी तशीच दिसते. फरक कडेला कळतो. सिमेंट टाइल आडवी धरली की वर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा रंगाचा थर दिसतो, खाली राखाडी सिमेंट. वरवरचा टवका उडाला तरी खाली रंग तोच. छापील टाइलचा उडाला की आतली पांढुरकी माती डोळ्यांत खुपते. दुकानात दोन टाइल्स पाठीला पाठ लावून कोपरे जुळतात का पाहा, जाडी चार ठिकाणी मोजा आणि टाइल कधी दाबली ते विचारा. महिना न झालेली टाइल घेऊ नये. ती आत ओल धरून असते आणि नंतर पृष्ठभागावर लोणा, म्हणजे क्षाराची पांढरी पूड येते.

हिशेब सोपा आहे. आठ इंची टाइल चार फुटांत ६ आणि सहा फुटांत ९ बसते, म्हणजे ५४. कटिंग आणि तूटफूट धरून ६० घ्या. एक टाइल साधारण पावणेदोन किलोची, म्हणजे शंभर किलोच्या वर माल. लिफ्ट नसेल तर हमाली आधीच ठरवून घ्या.

खरी अडचण जाडीची. टाइल २० मिलिमीटर, खाली सिमेंट-वाळूचा माल २५ ते ३०. जवळजवळ दोन इंच झाले. जुन्या फरशीवरच बसवली तर दार अडकतं आणि पाणी पॅसेजमध्ये येतं. जुनी फरशी काढावीच लागते, आणि काढली की वॉटरप्रूफिंग नव्याने करून दोन दिवस पाणी भरून ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये. नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, सहा फुटांत पाऊण ते एक इंच उतार हवा. आठ इंची टाइल लहान असल्याने हा उतार फारसं कटिंग न करता साधतो.

बसवताना गवंडी सवयीने हातोडीच्या दांड्याने ठोकतो. या टाइलला ते चालत नाही, केसासारख्या भेगा जातात; हाताने दाबूनच बसवायची. सांधा दीड-दोन मिलिमीटरचा. मग ओल पूर्ण जाईपर्यंत थांबायचं: उन्हाळ्यात आठवडा, पावसाळ्यात दुप्पट. जमलं तर जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. त्यानंतर टाइलची छिद्रं बंद करणाऱ्या, आत मुरणाऱ्या सीलरचा पहिला हात, मग सांध्यांत भरायचं, टाइलच्या रंगाशी जुळणारं सिमेंटचं ग्राउट, मग सीलरचा दुसरा हात. हा क्रम चुकला की काम हातचं गेलं. सीलरआधी काळं ग्राउट भरलं तर ते टाइलच्या छिद्रांत शिरतं आणि नक्षीत पांढऱ्या पाकळ्या असतील तर त्या कायमच्या मळकट होतात. ओल असताना सीलर मारला तर खाली काळपट ढग उमटतात.

पुण्यात याहून मोठा शत्रू अ‍ॅसिड. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग पडले की लोक अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर ओततात. त्यातलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सिमेंट खातं, रंग फिका पडतो आणि जागा खरखरीत होते. लिंबू-व्हिनेगरही नको. पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब पुरतात. दिवाळीत पाहुणे याच बाथरूममध्ये तेल-उटणं लावून आंघोळ करणार असतील तर सीलर त्याआधी तपासा: पाण्याचा थेंब दहा मिनिटं ठेवा, खाली टाइल गडद झाली तर नवा हात द्या. हळद आणि मेंदी सांडली तर तिथल्या तिथे पुसावी.

भिंतीला ही टाइल लावू नये. वजन जास्त, आणि दोन सेंटिमीटर जाडीने आधीच अरुंद खोलीची रुंदी खाल्ली जाते. भिंतीवर एकाच रंगाची साधी सिरॅमिक टाइल, गडद हिरवी किंवा वांगी, सात फुटांपर्यंत. वर तोच रंग ऑइलपेंटमध्ये, छतासकट. आरशासाठी पितळी चौकट बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात शोधावी. दिवा ३००० केल्विनचा पिवळसर घ्या. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात वांगी रंग राखेसारखा दिसतो आणि जमिनीवरचा लालही विटका वाटतो.

रोज आंघोळ होणाऱ्या मुख्य बाथरूमसाठी मात्र छापील पोर्सलिनच घ्या. तिथे साबण-तेल रोजचं असतं, आणि दर वर्षी सीलर लावायला कुणाच्या लक्षात राहत नाही.