बजेट टॅब काही महिने वापरल्यावर: कुठे भागलं, कुठे अडलं

टॅब घेताना आपण नकळत त्याची तुलना हातातल्या फोनशी करतो. तोच अँड्रॉइड, तीच अ‍ॅप, फक्त पडदा मोठा. मग वेगही फोनसारखाच असणार असं धरून चालतो. बजेट टॅबबद्दलच्या बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात. कमी किमतीत दहा इंचांचा पडदा आणि त्याला पुरेल एवढी बॅटरी द्यायची तर बराचसा पैसा तिकडेच जातो. मग प्रोसेसर, स्टोरेज, कॅमेरा आणि सेन्सर यांच्यात काटछाट होते. त्यामुळे त्याच किमतीचा फोन सहसा टॅबपेक्षा चपळ निघतो. मला हा टॅब मनापासून आवडलाय. पण काही कामांसाठी तो घेऊच नये, हेही तितकंच ठामपणे सांगेन.

माझ्याकडचा टॅब असा आहे: १०.१ इंची आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग नीट दिसणारा) पडदा, रिझोल्यूशन १९२०×१२००, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी (स्वस्त, संथ प्रकारचं) स्टोरेज, ७००० एमएएच बॅटरी, फक्त वाय-फाय. प्रोसेसर आठ कोअरचा, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे आठ भाग असलेला. खोक्यावर 'ऑक्टा-कोअर' हे मोठ्या अक्षरात असतं, पण त्या आठांपैकी दमदार कोअर दोनच, कॉर्टेक्स-ए७५. उरलेले सहा वीज वाचवणारे कॉर्टेक्स-ए५५. दोन्ही रचना २०१७ सालच्या. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या वर्गातले बरेच टॅब आतून जवळपास सारखेच असतात.

आधी वाचनाबद्दल, कारण टॅब घेतला तो त्यासाठीच. ई-पुस्तकं कुठल्याही टॅबवर छान दिसतात. अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात. खरी परीक्षा पीडीएफची, त्यातही स्कॅन केलेल्या पीडीएफची. १६:१० प्रमाणाचा १०.१ इंची पडदा उभा धरला की रुंदी साधारण १३६ मिलिमीटर भरते. ए४ कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे अख्खं पान पडद्यावर बसवलं की ते मूळच्या ६५ टक्क्यांवर येतं आणि १२ पॉइंटचा मजकूर जेमतेम ८ पॉइंटचा दिसतो. 'दहा इंच' ऐकून छापील पान जसंच्या तसं दिसेल असं वाटतं, तसं होत नाही.

एवढ्या लहान झालेल्या अक्षरात वाचता येईल की नाही, हे मग रिझोल्यूशनवर ठरतं. माझ्या टॅबवर इंचाला सुमारे २२४ पिक्सेल येतात. बहिणीच्या टॅबचा आकार हाच, पण पडदा १२८०×८०० चा, म्हणजे इंचाला १४९. स्कॅन केलेलं एकच मराठी पुस्तक आम्ही दोन्हीवर शेजारी शेजारी उघडलं. तिच्या पडद्यावर इंग्रजी शब्द बऱ्यापैकी वाचता येत होते, पण देवनागरी गडबडली. 'द्ध' आणि 'द्व' वेगळे ओळखू येईनात, रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर आले की दोन्हींचा मिळून एक धूसर ठिपका, आणि ऱ्हस्व-दीर्घ उकार तर अंदाजानेच वाचायचे. पान मोठं केलं तर प्रत्येक ओळीला डावी-उजवीकडे सरकवत बसायचं. दहा मिनिटांत वाचायची इच्छाच उरत नाही. मराठी पीडीएफ वाचायचे असतील तर १२८०×८०० चा पडदा घेऊ नका, बाकी टॅब कितीही चांगला असला तरी. खोक्यावरच्या नुसत्या 'एचडी' शब्दावर जाऊ नका, पिक्सेलचा आकडाच बघा. आणि वाचायच्या अ‍ॅपमध्ये पानाचे समास कापायची सोय असेल तर ती जरूर वापरा. कोरी जागा गेली की अक्षर चांगलंच मोठं होतं. जुन्या पुस्तकांना समास भरपूर असल्यामुळे तिथे तर फारच उपयोग होतो.

वजनाचाही विचार करा. टॅब अर्ध्या किलोच्या आसपास, वर कव्हर. टेबलावर टेकवून तासन्‌तास वाचता येतं. आडवं पडून एका हातात धरून नाही. पडद्यावर प्रकाश चमकतो, त्यामुळे उन्हात किंवा खिडकीसमोर बसून वाचणं जवळजवळ अशक्य.

आता वेगाबद्दल. टॅब हळू वाटला की सगळे रॅमला दोष देतात. माझ्या अनुभवात सर्वात जास्त अडवतं ते स्टोरेज, आणि त्याचा प्रकार खोक्यावर बहुधा लिहिलेलाच नसतो. ईएमएमसी हा एकपदरी रस्ता आहे: एका वेळी वाचन तरी होतं, नाहीतर लेखन. यूएफएस या त्याहून वेगवान प्रकारच्या स्टोरेजमध्ये दोन्ही एकाच वेळी चालतात. हा फरक रोजच्या वापरात कुठे कळतो? टॅब बराच वेळ बंद होता, उघडून वाय-फायला जोडला, की प्ले स्टोअर मागच्या मागे अ‍ॅप अपडेट करायला घेतं. पडद्यावर काहीच दिसत नाही, पण पान उलटायला बोट फिरवलं की पान क्षणभर जागचं हलत नाही. कीबोर्डवर शब्द टाइप केला की अक्षरं थांबून थांबून एकदम उमटतात. बोट नीट लागलं नाही असं वाटून आपण पुन्हा टेकवतो आणि दोन पानं एकदम उलटतात. ज्याला कारण माहीत नाही त्याला टॅबच सदोष वाटेल.

यावर माझ्याकडे दोन गोष्टी लागू पडल्या. प्ले स्टोअरचं आपोआप अपडेट बंद केलं. रात्री टॅब चार्जिंगला लावला की हाताने अपडेट सोडते. आणि स्टोरेज काठोकाठ भरू देत नाही, पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवते. ६४ जीबी म्हणतात, पण सिस्टीम आणि आधीपासून भरलेली अ‍ॅप वजा जाता हाती पंचेचाळीसच्या आसपासच येतात. मेमरी कार्ड घातलंय. पुस्तकं, व्हिडिओ, गाणी त्यावर जातात, अ‍ॅप मात्र माझ्या टॅबमध्ये कार्डावर हलवता येत नाहीत. कार्डाच्या भरवशावर ३२ जीबीचा टॅब घेणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

रॅम ४ जीबी पुरते, पण एका वेळी एकच काम असेल तर. ब्राउझरमध्ये मोठा फॉर्म भरत होते, एक क्रमांक बघायला पीडीएफ उघडली, परत आले तर पान नव्याने लोड होत होतं आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं होतं. सिस्टीमला जागा हवी असली की ती मागचं अ‍ॅप बंद करते, त्यात बिघाड काही नाही. पण फॉर्म भरणं, परीक्षा देणं, पैशांचे व्यवहार असली कामं मी टॅबवर करत नाही. जाहिरातीतल्या '४ अधिक ४ जीबी रॅम'ला तर अजिबात भुलू नका. ती वाढीव रॅम म्हणजे स्टोरेजचाच एक तुकडा, आणि ते स्टोरेजच संथ असेल तर त्याचा काय उपयोग! मी ती सोय बंद करून टाकली. वेगात फरक पडला नाही, जागा मात्र परत मिळाली.

व्हिडिओ हे या टॅबचं दुसरं बलस्थान. पण इथेही घेण्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी: वाइडवाइन, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणारी गूगलची सुरक्षा व्यवस्था. तिच्यात एल१ ही सर्वात वरची पातळी, एल३ सर्वात खालची. चित्रपट-मालिकांची अ‍ॅप चित्राचा दर्जा ठरवताना टॅबला एल१ मान्यता आहे का हे बघतात. एल३ असेल तर पडदा फुल एचडी असूनही नेटफ्लिक्स ४८० पीच्या वर जात नाही. एल१ असून विशिष्ट अ‍ॅपची मान्यता नसेल तरी हेच होऊ शकतं. नेटफ्लिक्सच्या अ‍ॅपमध्ये सेटिंगमधल्या 'प्लेबॅक स्पेसिफिकेशन'मध्ये हे सरळ लिहिलेलं दिसतं. माझ्याकडे एल१ आहे आणि चित्र सुरेख दिसतं. यूट्यूबचा मात्र याच्याशी संबंध येत नाही, त्यामुळे यूट्यूब छान चालतंय म्हणून निर्धास्त होऊ नका.

व्हिडिओ कॉलला आवाज उत्तम. समोरचा कॅमेरा कुठल्या कडेला आहे हे मात्र बघा. तो आखूड कडेला असेल तर टॅब आडवा ठेवल्यावर आपण सतत बाजूला बघतोय असं समोरच्याला दिसतं. मागच्या कॅमेऱ्याला ऑटोफोकस असेल तर कागदपत्रं स्कॅन होतात, नसेल तर अक्षरं पुसट येतात. याहून जास्त कॅमेऱ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

हाताने लिहिण्यासाठी हा टॅब घेऊ नये. सोबत मिळणारा रबरी टोकाचा पेन म्हणजे बोटाचाच पर्याय. पडद्याला त्याचा दाब कळत नाही, आणि तळहात टेकला की त्याच्याही रेघा उमटतात. शिवाय काच आणि खालचा पडदा यांच्यात फट असते, त्यामुळे टोक एकीकडे आणि रेघ किंचित दुसरीकडे. पीडीएफवर खुणा करायला, ओळी रंगवायला चालतं. गणितं सोडवायला, चित्र काढायला ज्या टॅबच्या पडद्यात पेनसाठी वेगळा थर असतो तोच हवा. मुलांच्या अभ्यासासाठी घेणाऱ्यांना इथे सर्वात जास्त निराश होताना पाहिलंय, म्हणून हे ठासून सांगतेय. व्याख्यानं बघायला आणि पुस्तकं वाचायला टॅब मुलांना खरंच उपयोगी आहे; वहीची जागा तो घेत नाही.

बॅटरी भरपूर चालते, वाचन आणि व्हिडिओ धरून आठ-नऊ तास आरामात. भरायला मात्र वेळ लागतो. सोबतचा चार्जर १० वॉटचा, आणि ७००० एमएएच म्हणजे साधारण २७ वॉट-तास. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज आणि शेवटी मंदावणारा वेग धरला की साडेतीन तास जातातच. जास्त वॉटचा चार्जर लावून फरक पडला नाही, कारण वेगाची मर्यादा टॅबचीच आहे. रात्री लावून ठेवायची सवय असेल तर याचं काही वाटणार नाही.

जीपीएस नाही, जायरोस्कोप (टॅब कसा फिरवला हे ओळखणारा सेन्सर) नाही, उजेड मोजणारा सेन्सरही नाही. शेवटच्याची उणीव रोज जाणवते: दिवे मालवले की पडद्याचा उजेड हाताने कमी करावा लागतो. आकाशदर्शनाची अ‍ॅप जायरोस्कोपशिवाय टॅब फिरवला तरी नीट फिरत नाहीत. टॅब आवडीने त्यासाठी घेणारेही असतात, त्यांनी हे जरूर बघावं. अपडेटबाबत फार आशा ठेवू नका. दुकानात ठेवलेल्या टॅबच्या सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख बघा. विक्रीला असलेल्या टॅबचीच तारीख वर्षभर जुनी असेल तर घेतल्यावर काही सुधारेल असं मला वाटत नाही.

हाच आकार आणि हेच रिझोल्यूशन मी पुन्हाही घेईन. पण पैसे थोडे वाढवता आले तर ते आधी १२८ जीबीच्या यूएफएस स्टोरेजवर खर्च करेन, मग ६ जीबी रॅमवर, मग १८ वॉटच्या चार्जिंगवर. मागचा कॅमेरा कितीही मेगापिक्सेलचा असला तरी त्यासाठी जास्तीचा पैसा मोजणार नाही.