पायथनची स्लाइस बदलायची सोय: लोणंदच्या एका जादा मुक्कामासाठी वापरून पाहिली

पाचपैकी चार तारे. (पायथन ही संगणकाला सूचना लिहिण्याची भाषा; स्लाइस म्हणजे तिच्यातल्या यादीचा सलग तुकडा.) पाचवा का राखून ठेवला ते पुढे येईलच.

मी शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाले आणि आमच्या दिंडीच्या शिध्याचं आणि पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक माझ्या गळ्यात पडलं. माउलींच्या पालखीची मुक्कामाची गावं ठरलेली आहेत, पण पंचांगात तिथीचा क्षय किंवा वृद्धी आली की लोणंदला कधी एक रात्र, कधी दोन. एवढ्याशा फरकाने तरडगावपासून पुढचं सगळं सरकतं. आधी मी हे एक्सेलमध्ये करायचे. मधे एक घर घातलं की गावं खाली जायची आणि शेजारच्या रकान्यातला शिधा होता तिथेच राहायचा. एका वर्षी फलटणचे तांदूळ तरडगावला उतरले. कोणी उपाशी राहिलं नाही, पण ऐकून घ्यावं लागलं.

भाचा म्हणाला, "मावशी, पायथन टाकून देतो, फुकट आहे." त्याच्यासोबत आयडल नावाची खिडकी येते, मी तिथेच काम करते. गावांची एक यादी केली, नाव दिलं मुक्काम: आळंदी, पुणे दोनदा, सासवड दोनदा, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण असं करत पंढरपूरपर्यंत सतरा नोंदी. तारीख लिहायचीच नाही, ती क्रमांकावरून निघते. मोजणी शून्यापासून, म्हणजे आळंदी ०, लोणंद ७. दोन रात्रींच्या वर्षी एवढीच ओळ:

मुक्काम[७:८] = ['लोणंद', 'लोणंद']

झालं. एक नोंद गेली, तिच्या जागी दोन आल्या, तरडगाव आपसूक आठवरून नऊवर गेलं आणि यादी अठराची झाली. (नक्कल करून चालवणार असाल तर आकडे इंग्रजी घाला. पायथन ३ ला यादीचं नाव देवनागरीत चालतं, पण गणती देवनागरीत चालत नाही. हा भेदभाव मला अजून पटलेला नाही.)

७:८ म्हणजे फक्त ७ क्रमांकाची नोंद कशी, यावर पुष्कळ लोक अडतात. वारी केलेल्या माणसाला अडायचं कारण नाही: सात तारखेला उतरलो, आठला निघालो, मुक्काम किती? एक. वजाबाकी केली की संख्या मिळते. आणि ७:७ लिहिलं तर काहीच न काढता लोणंदच्या आधी नवं गाव बसतं. उजवीकडे रिकामा कंस दिला तर तेवढा तुकडा गळून जातो. काढणं, घालणं, बदलणं तिन्हीला एकच रीत, हे मला फार आवडलं. भाचा जावास्क्रिप्टवाला, ती दुसरी संगणकभाषा. त्याच्याकडे हेच काम स्प्लाइस करतं, पण तिथे दुसरा आकडा शेवटचा नसून किती काढायचे तो असतो. मी दोनदा गोंधळले आणि सोडून दिलं. काढलेल्या नोंदी ते परत हातात देतं, ही त्याची जमेची बाजू.

आता तक्रारी. चौकोनी कंस विसरून नुसतं 'लोणंद' दिलं तर पायथन शब्दाचे तुकडे पाडतं: ल, मग ओकार एकटाच, मग ण, मग अनुस्वार, मग द. पाच मुक्काम! यादी सतरावरून थेट एकवीस. ओकाराच्या तळावर टँकर कुठे पाठवायचा? उलट ७:८ ऐवजी नुसता ७ लिहिला तर यादीच्या पोटात दुसरी यादी जाऊन बसते, मोजावं तर सतराच.

याहून वाईट म्हणजे सीमा ओलांडली तरी ते बोलत नाही. घाईत मी ७०:८० टाइप केलं. एकट्या नोंदीला ७० क्रमांक विचारला असता तर लगेच एरर आली असती, पण इथे शांतपणे दोन्ही लोणंद शेवटी नेऊन ठेवली, पंढरपूरच्या पुढे. छापलेला कागद टँकरवाल्याने वाचला आणि विचारलं, "बाई, परतीची वारीपण आपल्याकडेच का?"

पाचवा तारा मात्र वेगळ्याच कारणाने गेला. गेल्या वर्षीची यादी जपून राहावी म्हणून मी आधी 'गतवर्ष = मुक्काम' लिहिलं होतं. मला वाटलं प्रत निघाली. प्रत नव्हती, एकाच यादीला दोन नावं होती. स्लाइस बदलताना पायथन नवी यादी करत नाही, आहे तीच आतून बदलतं, त्यामुळे गतवर्षातही लोणंद दोनदा झालं आणि मागच्या हिशोबाशी ताळा लागेना. अर्धा दिवस मी वाण्याच्या बिलांवर संशय घेत बसले होते. 'गतवर्ष = मुक्काम[:]' असं लिहायला हवं होतं, दोन ठिपक्यांचा फरक. टँकर आणि शिधा दोन्हींना एकच यादी दिली की हाच गुण कामाला येतो, एका जागी बदल केला की दोघांना कळतो. पण पहिल्यांदा वापरणाऱ्याला याची कुठेच चाहूल लागत नाही.

तरी एक्सेलकडे परत जाणार नाही. आता बदल केला की आधी len ने नोंदी मोजते आणि शेवटची नोंद वाचून बघते. पंढरपूर दिसलं की छापते.