आईच्या भुवईवरची खोक आणि बस स्टँडमागचा दवाखाना

गेल्या महिन्यात आई स्वयंपाकघरात पाय घसरून पडली आणि ओट्याची कड डाव्या भुवईवर लागली, चांगली दीड इंचाची खोक पडली. शेजारच्या काकूंनी मूठभर हळद दाबली, त्यावर टॉवेल धरून मी रिक्षातनं तिला स्टँडमागच्या सर्जनच्या दवाखान्यात नेलं. हा रिव्ह्यू त्या दवाखान्याचा आहे आणि खरं सांगायचं तर त्यांनी केसपेपरवर लिहिलेल्या एका शब्दाचा पण.

सिस्टरनी आधी हळद धुतली, सलाईनच्या पाण्याने, बराच वेळ. आई कळवळली, पण डॉक्टर म्हणाले काकू, ही आत राहिली तर टाके घालून उपयोग नाही. मग बधिर करायचं इंजेक्शन, मग टाके. मला वाटलं होतं भुवई भादरतील, तर ते म्हणाले भुवई कधी काढायची नाही, तिच्या कडा जुळवूनच पहिला टाका घ्यायचा नाहीतर भुवई वरखाली दिसते. धनुर्वाताचं इंजेक्शन पण लगेच दिलं.

पेपरवर लिहिलं होतं सीएलडब्ल्यू. मी विचारलं हे काय, सरळ कट का नाही लिहिलं, दिसतंय तर सुरीने कापल्यासारखं. बाहेर ४ पेशंट असताना त्या माणसाने मला ५ मिनिटं उभं राहून समजावलं. सीएलडब्ल्यू म्हणजे कंट्यूज्ड लॅसरेटेड वुंड, मुका मार लागून फाटलेली जखम. म्हणाले कापड कात्रीने कापलं आणि खिळ्याला अडकून फाटलं, यात फरक आहे ना, तोच इथे. भुवईखाली लगेच हाड आहे, ओटा आणि हाड यांच्यामधे कातडी चेपून फुटते, म्हणून वरून सरळ रेघ दिसते. पण टाके घालायच्या आधी त्यांनी लाइट मारून दाखवलं, कडा बारीक बारीक दातेरी, आजूबाजूला काळंनिळं, आणि आत एका कडेपासून दुसरीपर्यंत धाग्यासारखे तंतू शाबूत. पात्याने कापलं तर ते तंतू पण कापले जातात. शिवाय चिरलेल्या जखमेतनं रक्त जास्त जातं, फाटलेलीत नसा चेपल्या जातात म्हणून सहसा कमी, फक्त डोकं आणि चेहरा याला अपवाद, तिथे भळाभळा वाहतं.

मला हे इतकं का लागलं ते सांगते. काही वर्षांपूर्वी माझा भाऊ बाइकवरून पडला होता, डोक्याला अशीच खोक, आणि एका मोठ्या हॉस्पिटलात (नाव घेत नाही) कागदावर इन्साईज्ड वुंड लिहून दिलं, म्हणजे धारदार वस्तूने झालेली जखम. झालं, पोलीस विचारायला लागले की हा अपघात आहे की कुणी मारलंय, कशाने मारलंय, आणि तो शब्द बदलून घ्यायला वडिलांनी ३ आठवडे चकरा मारल्या. फाटली की चिरली, एवढाच फरक, पण त्यावरून जखम कशाने झाली हे ठरतं.

खरंतर आपल्या मराठीत हा फरक आधीपासून आहे, खरचटलं वेगळं, ओरखडा वेगळा, चिरलं वेगळं, मुका मार वेगळा, कुत्र्याने तोडला तो लचका, आणि डोक्याला पडते ती खोक. लॅसरेशनचं मूळ लॅटिन क्रियापद पण फाडणं याच अर्थाचं आहे. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली मग मी खोकच म्हणत होते की.

आम्ही असतानाच एक लहान मुलगा आला, पोटरीला कुत्रा चावलेला. त्याची आई टाके घाला म्हणून रडत होती. डॉक्टरांनी आधी नळाखाली साबणाने १५ मिनिटं पाय धुवायला लावला, स्वतः घड्याळ बघत होते, आणि सांगितलं ही पण फाटलेलीच जखम आहे पण चावल्याची, हिला लगेच शिवत नाहीत, पहिल्यांदा रेबीजची लस आणि जखमेत सीरम, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन. सीरम त्यांच्याकडे नव्हतं म्हणून सिव्हिलला चिठ्ठी देऊन पाठवलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

आमचे सगळे मिळून १४०० झाले, पावती मागावी लागली पण दिली. बसायला ३ खुर्च्या आहेत फक्त, वयस्कर माणसांचे हाल होतात, तेवढं त्यांनी बघावं. पाचव्या दिवशी टाके काढले, आता भुवईत व्रण शोधावा लागतो. रविवारी संध्याकाळी बंद असतो, फोन करून जा, आणि जाताना जखमेत हळद, चहा पावडर काही भरू नका, स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा.